लहानपणी टेकन ३ ची बटणं बडवलीत, आता नीट खेळायचंय? मग सुरुवात इथून करा

हे ज्यांच्यासाठी लिहितोय ते स्वतःला लगेच ओळखतील. शाळा सुटली की दप्तरासकट गल्लीतल्या गेमच्या दुकानात, अर्ध्या तासाचे पाच रुपये, एका टीव्हीसमोर सहा जण, दोघं खेळतायत आणि चौघं मागून ओरडतायत, हरेल तो उठणार आणि जिंकेल तो बसणार. हातात करडा रिमोट, कारण त्याला कंट्रोलर म्हणतात हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आमच्या डोंबिवलीच्या दुकानात प्लेस्टेशन पालथं घातलेलं असायचं, आतली लेन्सची पट्टी झिजली की सरळ ठेवल्यावर सीडी वाचायचंच नाही ते, उलटं केलं की परत चालायचं. आणि त्यात नव्वद टक्के वेळ एकच सीडी, टेकन ३, दोघांच्या मारामारीची गेम.

तेव्हा आपण त्यातला एडी घ्यायचो आणि लाथांची दोन बटणं मिळेल तशी बडवायचो, तो कोलांट्या मारत सुटायचा आणि समोरचा कोपऱ्यात पडून राहायचा. ते खेळणं मला आजही प्रिय आहे. पण मग मी तिशी उलटल्यावर टेकन ७ घेतला, ऑनलाइन गेलो आणि पहिल्या दिवशी लागोपाठ सतरा मॅच हरलो. तिथून पुढे वर्षभर जे शिकलो ते कुणीतरी आधीच मराठीत सांगितलं असतं तर खूप वेळ वाचला असता, म्हणून हे सगळं.

आधी एक आनंदाची गोष्ट. त्या सतरा मॅचमध्ये मला एक गोष्ट कळली ती अशी, की माझा अंगठा काहीच विसरलेला नव्हता. पॉल घेतला, तोच उभ्या केसांचा, आणि खाली, खाली-पुढे, पुढे आणि त्रिकोण, तर तोच बुक्का बसला जो दुकानात बसायचा. हा बुक्का पहिल्या टेकनमध्ये ह्याच पद्धतीने लागायचा आणि २०२४ च्या टेकन ८ मध्येही ह्याच पद्धतीने लागतो. गेमच्या गोष्टीतलं मुख्य घराणं मिशिमा, त्यांचा तो पुढे झेपावून खालून वर मारायचा बुक्का, त्याचंही तसंच. ग्राफिक्स बदलले, कंपनी नामकोची बांदाई नामको झाली, मशीनच्या पाच पिढ्या झाल्या, पण हाताला लागलेलं वळण त्यांनी मोडलं नाही. दुसरी कुठलीही गेम वीस वर्षांनी उघडली तर मी परका असतो, टेकनमध्ये नाही. माझ्या मते ही सिरीज तीस वर्षं टिकली त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि तुम्हाला परत शिकायचं असेल तर तुमचं भांडवलही हेच.

म्हणून पहिलं काम, ती चार बटणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. दुकानात हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, आपल्यासाठी "हाताची बटणं" आणि "पायाची बटणं" एवढंच होतं. प्रॅक्टिस मोडमध्ये जा, कुणालाही घ्या आणि एकेक बटण सावकाश एकदाच दाबून बघा, खरंच तोच हात, तोच पाय पुढे येतो. स्ट्रीट फायटरमध्ये सहा बटणं होती, हलका, मधला आणि जोरदार अशी वाटणी. १९९३ ला सेगाने व्हर्च्युआ फायटर आणली, थ्रीडीतली पहिली नावाजलेली फायटिंग गेम, त्यात बुक्का, लाथ आणि वार अडवायचं वेगळं बटण. त्याच गेमवर काम केलेला सेईची इशी नामकोत आला आणि १९९४ च्या शेवटी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, पहिली टेकन आली. तिच्यात अडवायचं बटण काढूनच टाकलं, मागे दाबलं की अडतं, आणि उरलेली चार बटणं शरीराच्या चार अवयवांना वाटून दिली. टेकनचा जपानी अर्थ लोखंडी मूठ, आणि खरंच ह्या गेममध्ये तुम्ही मूव्हच्या नावाचा विचार करत नाही, हाताचा आणि पायाचा करता.

इंटरनेटवर जिथे जाल तिथे ह्या बटणांना १, २, ३, ४ म्हणतात. चौकोन १, त्रिकोण २, फुली ३, गोल ४. हे कागदावर लिहून टीव्हीखाली चिकटवा, आठवड्यात डोक्यात बसेल. मग कुणी "१, २ मार" म्हणालं की डावा बुक्का उजवा बुक्का हे कळलं पाहिजे, आणि "१+२" म्हणालं की दोन्ही एकदम.

आता कुठला भाग घ्यायचा. पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा बरा पीसी असेल तर सरळ टेकन ८, आज खेळणारे लोक तिथेच आहेत आणि शिकवायची सोय सगळ्यात चांगली तिच्यातच आहे. पीएस ४ किंवा साधा पीसी असेल तर टेकन ७, ती सेलमध्ये बरीच स्वस्त मिळते आणि जगभरात एक कोटीच्या वर खपलेली आहे. टेकन ३ परत खेळायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो, रविवारी मित्र जमले की जरूर खेळा, पण शिकायला ती घेऊ नका कारण तिच्यात तुम्ही लगेच जुन्या सवयीवर जाता आणि तुम्हाला अडवणारं समोर कुणी नसतं. रिमोट जो हातात बसतो तो. फक्त १+२ आणि ३+४ ही जोडबटणं वरच्या खांद्याच्या बटणांवर टाकून घ्या, अंगठ्याचे हाल वाचतात. कीबोर्डवर खेळलात तरी चालतं, फक्त जुन्या सायबर कॅफेत करायचो तसं दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळू नका, स्वस्त कीबोर्ड एका वेळी जास्त बटणं घेतच नाही आणि मग तुमची मूव्ह अर्ध्यात खाल्ली जाते.

अडवणं

हे सगळ्यात मोठं प्रकरण आहे आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण दुकानात आपण ही गोष्ट शिकलोच नाही. पाच रुपयांत अर्धा तास मिळायचा, त्यात कोण मागे दाबून उभं राहणार.

टेकनमधला प्रत्येक वार तीनपैकी एका उंचीचा असतो. वरचा, मधला, खालचा, म्हणजे हाय, मिड, लो. मागे दाबून उभं राहिलं की वरचा आणि मधला अडतो. मागे-खाली दाबून बसलं की खालचा अडतो आणि वरचा डोक्यावरून निघून जातो, पण मधला बसलेल्या माणसाला सरळ लागतो. झालं, सगळी गेम ह्या तीन वाक्यांवर उभी आहे. समोरच्याला तुम्हाला बसवायचंय म्हणून तो खालून मारतो, तुम्ही बसलात की मधला मारून हवेत उडवतो. बसायचं की उभं राहायचं ह्याचं उत्तर सोपं आहे, जवळजवळ कायम उभं राहायचं. मधले वार जोरात लागतात, खालचे बहुतेक चिमटे काढल्यासारखे असतात. चार चिमटे खा पण एक उडवणारा वार खाऊ नका. नवीन खेळाडू पहिल्या खालच्या लाथेनंतर घाबरून बसतो आणि तिथून त्याचा राऊंड संपतो.

बटणांना हात न लावता नुसतं उभं राहिलं तरी तुमचा माणूस उभे वार आपोआप अडवतो, हे मला कळलं तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. म्हणजे लहानपणी आपण जेवढं दाबत होतो तेवढंच स्वतःला उघडं पाडत होतो. करून बघा, पहिला राऊंड फक्त उभे राहा, काहीच मारू नका, समोरचा काय काय करतो ते बघा. अवघड जातं, हात शिवशिवतात, पण एवढं एक जमलं की पुढचं सगळं जमतं.

आता अडवल्यावर काय. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालते, म्हणजे एका सेकंदाचे ६० बारीक तुकडे. साधा डावा बुक्का जवळजवळ सगळ्यांचा १० फ्रेमचा असतो, सेकंदाचा सहावा हिस्सा. समोरच्याने मोठा वार टाकला आणि तुम्ही अडवला की तो सावरायला वेळ घेतो, तो वेळ १० फ्रेम किंवा जास्त असेल तर तुमचे १, २ त्याला लागणारच, तो काहीही करू शकत नाही. १५ किंवा जास्त असेल तर तुम्ही त्याला थेट उडवू शकता. ह्याला पनिश करणं म्हणतात आणि टेकनमधला अर्धा आनंद ह्यात आहे. ज्याने गडबड केली त्याला तिथल्या तिथे त्याची किंमत मोजायला लावायची.

हे हातात कसं बसवायचं ते सांगतो. प्रॅक्टिस मोडमध्ये समोरच्याला ती उडी मारून लाथ घालायला लावा, वर-पुढे आणि ४, बऱ्याच जणांकडे असते ती. तुम्ही मागे दाबून ठेवा. लाथ तुमच्या हातांवर बसते, तुमचा माणूस जरा मागे घसरतो, आणि तो खाली उतरत असतानाच १, २. आधी दाबलंत तर काहीच निघत नाही, उशीर झाला तर तो अडवतो. पहिली वीस वेळा चुकेल. मग डोळ्याने बघणं सोडून कानाने करून बघा, अडवल्याचा तो ठक आवाज आला की बोटं खाली. मला आवाजावरच जमलं. रोज जेवणाआधी दहा मिनिटं, एकच मूव्ह, एकच उत्तर, आठवड्याने दुसरी. खालचा वार अडवलात तर तुम्ही बसलेले असता, तेव्हा उठता उठता ४ दाबा, ती लाथ बहुतेकांची ११ फ्रेमची आहे आणि लगेच बसते. ब्रायनची स्नेक एज म्हणून एक खालची लाथ आहे, वाकून सावकाश फिरवतो तो, लागली तर तुम्हाला उडवते पण नीट बघितलं तर दिसते. पहिल्यांदा ती बघून बसलात, अडवलीत आणि उठून त्याला उडवलंत की तुम्हाला खरा टेकन कळला.

आणि ते दहा वारांचे कॉम्बो, आठवतात का. वहीच्या शेवटच्या पानावर चौकोन त्रिकोण काढून ठेवलेले असायचे, दुकानात ज्याच्याकडे ते पान असेल त्याला मान होता. आता ह्या बाजूने बघा, त्या दहातले काही वरचे असतात जिथे बसून खालून मारता येतं, मध्ये एखादा खालचा असतो, तो कुठे येतो ते माहीत असलं की पूर्ण कॉम्बो कोलमडतो. ज्याच्याशी हरलात त्याच्या कॉम्बोत तो खालचा वार कितवा आहे तेवढंच शोधा, दुसऱ्या वेळी तो तुमच्यावर चालणार नाही.

पकडणं आणि सोडवणं

दुकानात एक दादा होता, कायम किंग घ्यायचा, जग्वारच्या तोंडाचा मास्क घातलेला कुस्तीवाला. जवळ यायचा, धरायचा आणि गरागरा फिरवून फेकायचा, आणि आम्ही रिमोट ठेवून उठायचो. पकडलं म्हणजे संपलं अशी आमची पक्की समजूत. पकड सोडवता येते हे मला पंधरा वर्षांनी कळलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं.

तर साधी पकड १ किंवा २ वेळेत दाबली की सुटते, नव्या भागांत कुठलंही एक चालतं. किंगसारख्यांच्या खास पकडींना मात्र बघून उत्तर द्यावं लागतं, डावा हात पुढे आला तर १, उजवा आला तर २, दोन्ही हात एकदम आले तर १+२. हातावर लक्ष ठेवायचं, चेहऱ्यावर नाही. माझी भाची बारा वर्षांची आहे, तिला मी हे शिकवलं, प्रॅक्टिस मोडमध्ये किंग उभा केला आणि तिला सांगितलं फक्त खांदे बघ. पहिला अर्धा तास तिने नुसते फेकून घेतले. मग एकदा तिने सोडवली, आणि दोन्ही पैलवान एकमेकांना ढकलून मागे सरकतात ना, ते बघून ती एकदम म्हणाली, "मामा, हा हात आधी दाखवतो आणि मग येतो." नेमकं हेच. तिचे डोळे माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने बघतात आणि आता माझी दहातली सात वेळा पकड सुटते तिच्याकडून.

नाहीच जमलं तर अजून एक उपाय आहे, पकड हा बहुतेक वेळा वरचा वार असतो, बसलात की त्याचे हात हवेत जातात आणि तो समोर उघडा पडतो. फक्त सारखं सारखं बसू नका, वर सांगितलं तेच कारण.

सरकणं

टेकन ३ का गाजली त्याचं एक कारण पायात आहे. पहिल्या दोन भागांत (१९९४ आणि १९९५) उड्या खूप उंच आणि तरंगत्या होत्या, आणि बहुतेकांना बाजूला सरकताच येत नव्हतं. १९९७ ला तिसरा भाग आर्केडमध्ये आणि १९९८ ला प्लेस्टेशनवर आला, उड्या जमिनीवर आणल्या आणि वर किंवा खाली टिचकी दिली की सगळ्यांना बाजूला होता यायला लागलं. तिथे ही गेम खऱ्या अर्थाने थ्रीडी झाली. नामकोचं आर्केड मशीन पहिल्यापासून प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेलं होतं, त्यामुळे जपानमधल्या आर्केडची मजा फारशी न घटता घरच्या टीव्हीवर उतरली, आणि तिथून आपल्या दुकानांत. टेकन ३ प्लेस्टेशनवर ८० लाखांच्या वर खपली, आपल्या दुकानांतल्या दहा-वीस रुपयांच्या कॉपी त्यात धरलेल्या नाहीत.

सरकायचं कसं, तर समोरचा सरळ रेषेत धावून येतोय असं दिसलं की वर किंवा खाली एक टिचकी. पॉलचा तो मोठा बुक्का ह्याने चुकतो आणि त्याची कूस तुमच्या समोर येते. आणि दुसरं, मागे मागे दोनदा दाबून मागे उडी. त्याने समोरच्याचा वार हवेत जातो आणि तो परत हात मागे घेईपर्यंत तुम्ही मारता. चांगले खेळाडू ही मागची उडी मध्येच मागे-खाली दाबून तोडतात आणि परत मारतात, सलग, पाण्यावरून घसरल्यासारखे मागे जातात, त्याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. त्याच्या मागे पहिल्या महिन्यात लागू नका, अंगठा सुजेल आणि मॅच जिंकणार नाही. साधी मागची उडी पुरते. फक्त टेकन ३ मध्ये मैदान संपायचंच नाही, २००१ च्या टेकन ४ पासून भिंती आल्या, पाठ भिंतीला लागली की तुमच्यावर दुप्पट मार पडतो, म्हणून कोपरा जवळ आला की मागे नाही, बाजूला.

कोण घ्यायचा

एक माणूस धरा आणि तीन महिने सोडू नका. पॉल, जिन, असुका, जॅक ह्यातला कुणीही सुरुवातीला चांगला. किंग आवडत असेल तर किंग घ्या. काझुया मनाने ओढून घेतो पण त्याची खरी ताकद त्या विजेच्या बुक्क्यात आहे, पुढे, सोडा, खाली, खाली-पुढे आणि नेमक्या त्याच फ्रेमला २, साठातल्या एका तुकड्यात. जमला की वीज चमकते आणि समोरच्याने अडवला तरी वरचढ तुम्हीच. मी आठ महिने घेतले आणि आजही उजव्या बाजूने माझा अर्ध्या वेळा चुकतो. ह्याच्यासाठी जगायचं असेल तर घ्या, जिंकायची घाई असेल तर नको. एडी टेकन ८ मध्ये २०२४ च्या एप्रिलमध्ये परत आला, वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो, आणि आता त्याला नुसतं बडवून चालत नाही, समोरचे अडवतात.

माणूस निवडताना त्याची गोष्टही बघा, कारण टेकनची गोष्ट म्हणजे अस्सल भाऊबंदकी आहे, आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. बापाने, हेईहाचीने, पाच वर्षांच्या पोराला कड्यावरून खाली टाकलं, पोरगा काझुया मोठा होऊन आला आणि बापाला त्याच कड्यावरून टाकलं, मग बाप परत आला आणि त्याने पोराला ज्वालामुखीत टाकलं, तिसऱ्या भागात नातू जिन आला आणि आजोबाने कामापुरता वापरून त्यालाही गोळी घातली. पाचव्यात तर पणजोबाच उठून आले. सातव्यात काझुया बापाला लाव्हात टाकतो आणि आठव्यात जिन आपल्या बापासमोर उभा राहतो. सगळं चाललंय ह्या एका मिशिमा घराण्याच्या गादीवरून. एवढ्यात बाकीचे, पोलीस, कुस्तीवाला, अस्वल, लाकडी बाहुला, प्रत्येकजण आपापलं कारण घेऊन आलाय, आणि नव्या भागांत प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतो आणि समोरच्याला ते कळतं. हे मला फार आवडतं.

पुढे काय काय भर पडली ते थोडक्यात माहीत असू द्या म्हणजे दचकायला होत नाही. टेकन ६ पासून (२००७) लाईफ अगदी कमी उरली की माणूस लाल होतो आणि त्याचा मार वाढतो. टेकन ७ पासून लाल झाला की एक मोठा शेवटचा वार मिळतो, रेज आर्ट, तो तुमचा फटका खाऊनही पुढे येतो. म्हणून समोरचा मरायला टेकला की धावून जाऊ नका, हीच ती वेळ जेव्हा मागे दाबून उभं राहायचं, अडवलात की तो सरळ तुमच्या हातात. टेकन ८ मध्ये हीट आली, २+३ दाबलं की चालू, साधारण दहा सेकंद, राऊंडमध्ये एकदा, त्यात तुमचे अडवलेले वारही थोडी लाईफ खातात. नवीन असाल तर राऊंडच्या सुरुवातीलाच वापरून टाका, साठवून ठेवलेली हीट घेऊन हरणारे मी रोज बघतो, मीही तेच करत होतो.

कॉम्बो किती पाठ करायचे ह्यावर माझं उत्तर दोन. एक उडवल्यावरचा आणि एक भिंतीजवळचा, तोही सोपा. हवेत प्रत्येक पुढचा वार कमी लागतो, म्हणून सोप्या आणि अवघड कॉम्बोत जो फरक पडतो त्यापेक्षा जास्त नुकसान अवघड कॉम्बो मध्येच सुटल्याने होतं.

कुणाशी खेळायचं

२०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, अर्सलान ॲश ह्या नावाने खेळतो, व्हिसाच्या अडचणी काढत जपानला पोचला आणि ईव्हो जपान ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकला. बाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याच वर्षी लास वेगसची ईव्हो, अंतिम सामना कोरियाच्या नी ह्या मुरलेल्या खेळाडूशी, तीही जिंकली, मग २०२३ आणि २०२४ लाही. जिंकल्यावर त्याने सांगितलं होतं की माझ्या देशात माझ्यासारखे अजून बरेच आहेत, आणि खरंच पुढे तिथलाच आतिफ बट टेकन वर्ल्ड टूरचा विजेता झाला. हे सगळे आपल्यासारख्याच दुकानांतून, एकाच घोळक्यात, एकमेकांना हरवत आणि हरवल्यावर कसं हरवलं ते सांगत तयार झालेत. मला ते वाचून आमचं डोंबिवलीचं दुकान आठवलं, फक्त आमच्यात ते सांगणं नव्हतं, वहीचं पान प्रत्येकजण लपवून ठेवायचा.

म्हणून शक्य असेल तर एकटे शिकू नका. दोन जण तरी शोधा, एक तुमच्याइतकाच आणि एक तुमच्याहून बरा, आठवड्यातून एकदा शेजारी बसून खेळा, आणि एक नियम ठेवा की हरणाऱ्याने विचारलं तर जिंकणाऱ्याने मूव्ह दाखवायचीच. ऑनलाइन जाणार असाल तर वायफाय सोडा आणि राऊटरपासून लॅनची वायर ओढा, १० फ्रेमच्या खेळात वायफायचा एक झटकाही चालत नाही, आणि टेकन ८ मध्ये तुम्ही वायफायवर आहात हे समोरच्याला दिसतं, बरेच जण मॅचच नाकारतात.

हरल्यावर लगेच रिमॅच दाबायचं नाही, आधी रिप्ले. टेकन ८ मध्ये रिप्ले चालू असताना गेम स्वतः सांगते की इथे तुम्ही हे मारू शकला असता, आणि तिथेच थांबवून तुम्ही रिमोट हातात घेऊन तोच क्षण परत खेळू शकता, ही सोय आमच्या लहानपणी असती तर आम्ही काय झालो असतो. पूर्ण रिप्ले बघू नका, कंटाळा येतो. ज्या एका मूव्हने सगळ्यात जास्त वेळा मार खाल्लात ती शोधा, ती वरची, मधली की खालची ते बघा, अडवल्यावर तुम्हाला किती फ्रेम मिळतात ते बघा, एक उत्तर ठरवा, पंधरा वेळा हाताखालून काढा, आणि मग परत त्याच मॅचला जा. माझ्याकडे अजून वही आहे, शेवटच्या पानापासून उलटी लिहितो, मूव्हचं नाव आणि पुढे एकच आकडा किंवा दोन. काल रात्रीची नोंद किंगची आहे, दोन्ही हात पुढे, १+२.